समाजासाठी काय पाहिजे?

पुढारी भेटला की मुसलमान माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमच्या समाजासाठी काय पाहिजे, ते सांगा." विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. काटोलला हा प्रश्न मला एका दौडीनंतर विचारला गेला. तुमच्यापैकी पुष्कळांना तो आज ना उद्या विचारला जाणार आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

दौड गावातल्याच काही डॉक्टर, शिक्षक आणि दुकानदारांनी मिळून ठेवली होती. अंतर पाच किलोमीटर, भाग घ्यायला सगळ्यांना मुभा. थंडीचे दिवस, संत्र्याची तोड चाललेली, आणि पहाटे सहाला रस्त्यावर गाड्यांऐवजी माणसं. माझ्या पुढे आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली पोलीस भरतीची मुलं होती, बाजूला ट्रॅकसूट घातलेल्या दोन काकू, मागे निवृत्त मास्तर. सगळ्यांच्या छातीवर कागदाचा नंबर. त्या नंबरावर आडनाव लिहिलेलं नव्हतं. कोणी दम लागून थांबलं की मागचा म्हणायचा, "चल बे, थोडंच राहिलं." मी डोक्यावर स्कार्फ बांधून धावत होते. त्याकडे कोणी वळून पाहिलं असेल, पण मला कोणी काही विचारलं नाही.

बक्षीस द्यायला एक नेते आले होते. तर्री-पोहे झाले, भाषण झालं, मग आयोजकांनी काही धावपटूंना भेटायला बोलावलं. माझं नाव ऐकल्यावर नेत्यांचा सूर जरा बदलला. "अरे वा, तुमच्या समाजातल्या मुलीही धावायला लागल्या! फार चांगलं." फोटो निघाला. मग म्हणाले, "बोला, समाजासाठी काय पाहिजे? कब्रस्तानची भिंत? शादीखाना?"

मी म्हटलं, "साहेब, मैदानावर दिवे पाहिजेत. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह."

ते क्षणभर थांबले. "पण हे तर सगळ्यांसाठीच झालं."

"हो, सगळ्यांसाठीच."

ते हसले आणि लेखी द्या म्हणाले. बोलणं एवढंच झालं. त्यांनी माझा अपमान केला असं मला वाटत नाही. पण पाच किलोमीटर मी काटोलची रहिवासी म्हणून धावले होते आणि मंचाजवळ पोचताच पुन्हा 'समाज' झाले होते, हे मला जाणवलं.

कब्रस्तानची भिंत ही खोटी गरज नाही. भिंत नसेल तर ती मागितलीच पाहिजे, आणि ज्येष्ठ मंडळी ती मागतातही. अडचण एवढीच, की वर्षानुवर्षं आपण तेवढंच मागत आलो आणि समोरचेही तेवढंच देऊ करत आले. नाली, शाळा, दवाखाना, बसफेरी, मैदान यांचा विषय निघतो तेव्हा त्या बैठकीत आपण नसतो. मग शहराचा आराखडा दुसरे ठरवतात आणि आपल्या वाट्याला भिंत येते.

भरतीचंच पाहा. राज्य पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि त्या धावण्याला २० गुण आहेत. पोलीस दलात आपली मुलं कमी दिसतात, अशी तक्रार आपण करतो. ती तक्रार योग्यच आहे. पण तालुक्याच्या गावात सराव करायचा कुठे? मुलं पहाटे अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या उजेडात पळतात. मुलींना घरचे त्या अंधारात पाठवत नाहीत, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. मैदानावरचे चार दिवे ही इतकी साधी गोष्ट आहे, आणि वर्दी मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न तिच्यावर अडकलेला आहे.

मैदान ही कोणा नेत्याची मेहेरबानीही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या त्या यादीत उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. महाराष्ट्रात आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे. तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. पैसा आणि जबाबदारी दोन्ही कागदावर आहेत. मागणाऱ्याला ते कागद माहीत असले की मागण्याचा सूर बदलतो. विनवणी करायची गरज राहत नाही.

आता थोडं आपल्या घरात पाहू. उद्या दिवे लागले तरी मोहल्ल्यातल्या किती मुली मैदानावर येतील? "मुलींना धावायची काय गरज" हे वाक्य आपल्याकडे धर्माच्या नावाने बोललं जातं. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत आयेशा आणि पैगंबर साहेब यांच्या शर्यतीची नोंद आहे. पहिल्या वेळी आयेशा जिंकल्या, पुढे केव्हातरी झालेल्या शर्यतीत पैगंबर साहेब पुढे गेले. ही हदीस आपल्या घरांत मुलींना किती वेळा सांगितली जाते?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सिफान हसनने महिलांची मॅरेथॉन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली. तो ऑलिम्पिक विक्रम ठरला. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेली होती. शर्यतीत ती डोकं न झाकता धावली आणि पदक घ्यायला हिजाब घालून आली. त्याच स्पर्धेत यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालायला बंदी केली होती. घालायला लावणारे आणि काढायला लावणारे, दोघांनाही तिच्याकडून शिकण्यासारखं आहे: काय घालून धावायचं ते धावणारी ठरवेल. आपल्या मुलींच्या बाबतीत हे मान्य करायला आपल्याला सातासमुद्रापार जायची गरज नाही. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावाची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. तिची सुरुवातही खेड्यातल्या रस्त्यावरच झाली.

रस्ता सगळ्यांचा असतो, हे आपल्या राज्यघटनेने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. कलम १५(२) सांगतं, की विहीर, तलाव, घाट, रस्ता किंवा लोकांसाठी असलेली सार्वजनिक जागा वापरण्यापासून धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही. हे शब्द लिहिले गेले त्याच्या दोन दशकं आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर चालत गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तो हक्क 'आपल्या समाजाचा' आहे की नाही, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

आपणही हीच रीत धरू शकतो. मागणी तोंडी करू नका, फोटोवर समाधान मानू नका. एका पानाचं निवेदन लिहा. कोणतं मैदान, किती दिवे, कोणासाठी, ते नेमकं लिहा. कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, तिला पोच म्हणतात. काही हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. १० रुपये शुल्क भरून विचारा, की आमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. माझ्या निवेदनाची पोच माझ्याकडे आहे आणि तारीख मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.

आणि निवेदनावर सह्या गोळा करायला निघाल, तेव्हा पहिली सही मोहल्ल्याबाहेरच्या घरातून घ्या. तिथेही भरतीची तयारी करणारी एखादी मुलगी उजाडायची वाट पाहत असते.