भिंतीच्या भेगेतला शत्रू

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. डेंग्यू आणि चिकुनगुन्याची ती साथ. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांना मात्र दोन रुग्णांच्या रक्तात तिसराच, तोवर कोणाच्या नोंदीत नसलेला विषाणू सापडला. रिवाजाप्रमाणे त्याला गावाचे नाव मिळाले : चांदीपुरा. पुढे जवळजवळ चार दशके त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्याच मोसमात महाराष्ट्रातही साथ होती. मग हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. २०२४ च्या पावसाळ्यात, प्रामुख्याने गुजरातेत, ते पुन्हा ऐकू आले.

हा विषाणू पसरवते वाळूमाशी, म्हणजे सॅण्डफ्लाय. नाव असे असले तरी वाळूशी तिचे फारसे देणेघेणे नाही. डासाच्या तिसरा हिस्सा एवढा हा कीटक. ना गुणगुण, ना लांबची झेप. मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, तर भिंतीच्या ओलसर भेगांत, गोठ्यातल्या शेणामातीत, पाल्यापाचोळ्यात. वाशीम जिल्ह्यातले केनवड घ्या, की विदर्भातले दुसरे कुठलेही गाव. जिथे मातीची भिंत आणि तिला लागून गोठा, तिथे तिचे बस्तान बसू शकते. शिवाय मादीकडून विषाणू अंड्यांत उतरतो, पुढच्या पिढीला वारशाने मिळतो. साथ ओसरली म्हणजे तो गाव सोडून गेला, असे समजायचे कारण नाही.

आपली सारी मोहीम मात्र डासांभोवती फिरते. 'कोरडा दिवस' पाळून रांजण, टाक्या रिकाम्या केल्या, हे चांगलेच. वाळूमाशीला त्याचे काही सुखदुःख नाही. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरते. तिच्यासाठी भेगा लिंपाव्या लागतात, गोठा घरापासून दूर न्यावा लागतो, भिंतींवर कीटकनाशक मारावे लागते. हातावर पोट असलेल्या माणसाने गोठा हलवायचा कुठे, हे कोणी सांगत नाही.

या रोगावर औषध नाही, लसही नाही. झटके आवरणे, मेंदूची सूज उतरवणे, सलाइन लावणे, एवढेच दवाखान्याच्या हाती. सकाळी ताप, दुपारी उलट्या आणि झटके, दुसऱ्या दिवशी खेळ आटोपलेला, इतक्या वेगाने मुले गेली आहेत. तेव्हा जुलै-ऑगस्टात तापलेल्या मुलाला झटका आला, तर अंगाऱ्यात वेळ न दवडता, रात्र असली तरी गाडी काढून रुग्णालय गाठावे.