घरचे सोबती : मुंगसाची जोडी

श्रीरामपुराहून एका वाचकभगिनींचें आठ पृष्ठांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या दिरांचा मळा शहराबाहेर कालव्याच्या कडेला आहे. मार्गशीर्षांत ऊंसतोड चालू असतां बांधालगतच्या पाचटाखालीं मुंगसाचें एक पिलूं सांपडलें. तोडणारी टोळी पुढें निघून गेली, आई कोठें दिसेना, तेव्हां बारा वर्षांच्या चिरंजीवांनीं तें सदऱ्यांत गुंडाळून घरीं आणलें. त्या गोष्टीला आतां पांच आठवडे झाले. पिलूं चमच्यानें दूध पितें, अंडें खातें (अंडें शेजारच्या घरून येतें आणि परसांतच दिलें जातें, असा खुलासा भगिनींनीं समासांत केला आहे), देवघराच्या उंबऱ्यावर निजतें, आणि चिरंजीव शाळेंतून आले कीं त्यांच्या बाहींतून शिरून गळ्यापाशीं डोकें वर काढतें. सासूबाई म्हणतात, मुंगसाचें दर्शन शुभ, राहूं द्या. यजमान म्हणतात, उद्यांच्या उद्यां मळ्यांत सोडून या. चिरंजीवांनीं कोठेंसें वाचलें आहे कीं, विलायतेंत फेरेट नांवाचा प्राणी लोक पिढ्यान्‌पिढ्या कामास ठेवतात व त्याची वीण करवितात; मग आपण मुंगसाची जोडी जमवून तिची पैदास कां करूं नये? कोठींतील गव्हाच्या पोत्यांना उंदरांनीं भोंकें पाडलीं आहेत, हा त्यांचा शेवटचा मुद्दा. "आपण सांगाल तें तो ऐकेल," असें भगिनींनीं लिहिलें आहे. ही जबाबदारी लहान नव्हे.

मुलाचा प्रश्न आम्हांला आवडला. त्याला 'नको' एवढेंच उत्तर देणें बरें नव्हे, म्हणून आधीं फेरेटाकडे वळूं. हा मुंगसाचा भाऊबंद दिसत असला तरी कूळ निराळें. तो युरोपांतील पोलकॅट नांवाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळविलेला आहे. मुंगसाचें नातें उलट मांजर आणि तरस यांच्या बाजूला जातें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीक व रोमन ग्रंथकारांनीं स्पेनकडील सशांचा उपद्रव वारण्यासाठीं असा प्राणी बिळांत सोडीत असल्याचें लिहून ठेवलें आहे. रीत आजही तीच आहे. बिळाच्या तोंडांना जाळीं लावावयाचीं, एका तोंडांतून फेरेट आंत सोडावयाचा, आणि भेदरलेले ससे जाळ्यांत येतील ते धरावयाचे. गोठ्यांतले उंदीर हुसकावण्यासही त्याचा उपयोग करतात. परंतु त्याची निगा सोपी नाहीं. दिवसाचे चवदा ते अठरा तास तो निजतो. उरलेल्या वेळीं त्याला मोकळें फिरूं द्यावें लागतें. खाणें निव्वळ मांसाचें. मादी माजावर आली आणि तिचा नराशीं संग झाला नाहीं, तर माज आपोआप उतरत नाहीं. रक्त कमी होत जाऊन ती दगावूंही शकते. म्हणून ज्यांना वीण नको ते शस्त्रक्रिया करवितात. वीण झाली तर बेचाळीस दिवसांनीं पिलें होतात. आणि ऊन? तीस अंशांपलीकडे पारा गेला कीं फेरेटाला धाप लागते, तो निपचित पडतो. श्रीरामपूरच्या वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या बिचाऱ्यानें तेथें काय करावें!

मुंगसाला त्या उन्हाचें कांहीं वाटत नाहीं, कारण तें इथलेंच. श्रीरामपूर हें गांव तसें नवें. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्टेशनाभोंवतीं वाढलेली ती पेठ. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांचें पाणी मुरमाड माळांवर खेळलें, हरेगांव आणि टिळकनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले, आणि १९५० सालीं शेजारच्या लोणीस सहकारी कारखान्याचें पर्व सुरू झालें. ऊंस आला तसे उंदीर आणि घुशी आल्या. त्यांच्यामागें धामण, नाग, रानमांजर, मुंगूस. आणि अलीकडच्या काळांत बिबट्याही. बारा महिने उभें राहणारें तें एक रानच झालें. तोडणीच्या दिवसांत हें रान एकाएकीं नाहींसें होतें आणि त्यांतलीं पिलें उघडीं पडतात. भगिनींच्या चिरंजीवांना सांपडलेलें पिलूं त्यांपैकींच एक.

मुंगसाविषयीं आपल्या घरांत ममता आहे ती फार जुनी. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत धर्मराजाच्या यज्ञाला उणें ठरविणारें अर्ध्या सोन्याचें मुंगूस येतें. पंचतंत्रांत बाळाचें रक्षण करणारें मुंगूस ब्राह्मणीच्या उतावळेपणानें मरतें. आणि पांडवांपैकीं एकाचें नांवच नकुल. रस्त्यानें मुंगूस आडवें गेलें कीं मुलें रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखविण्याची विनवणी करीत. एवढ्या प्रेमांत कांहीं चुकीच्या समजुतीही जपल्या गेल्या. नागाशीं लढतांना तें एखादी वनस्पति खाऊन विष उतरवितें, ही त्यांपैकीं एक. खरी गोष्ट अशी कीं, नागाचें विष स्नायूंच्या ज्या जागीं चिकटून त्यांना लुळें करतें, त्या जागेची घडण मुंगसाच्या शरीरांत थोडी निराळी असते, आणि तेथें विषाला नीट चिकटतां येत नाहीं. तरीही हें कवच पुरें नव्हे. चपळाई आणि फुलविलेले राठ केस हींच त्याचीं मुख्य शस्त्रें. सापावांचून त्याचें अडतही नाहीं. उंदीर, सरडे, बेडूक, नाकतोडे, अंडीं, पडलेलीं फळें यांवरच त्याचा नित्याचा निर्वाह चालतो.

येथें आम्हांला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारें साठ वर्षांपूर्वीं प्रवराकांठच्या एका खेड्यांत आमच्या आजोळीं एक मुंगूस होतें. आणलें कोणीं तें आठवत नाहीं. आम्हीं पाहिलें तेव्हां तें पूर्ण वाढलेलें होतें आणि त्याला सर्वजण 'नकुळ्या' म्हणत. कमरेला सुतळी, सुतळीचें दुसरें टोंक बळदाच्या खुंटीला. दिवसा त्याला सोडीत. तें ओसरीवर सरपटत येई, आजीच्या पदराखालीं शिरे, आणि आम्हां मुलांपैकीं जो दूधपोळी कुसकरून देईल त्याचा अंगठा हळूच दांतांत धरी. दुसऱ्या वर्षीं तो 'हळूच' राहिला नाहीं. धाकट्या मामाच्या मनगटाला त्यानें असा चावा घेतला कीं त्याची खूण मामा अजून दाखवितात. तरी कोणीं त्याला काढलें नाहीं, कारण माळ्यावर उंदीर नव्हते. पुढें एका श्रावणांत उंदीर पुन्हां झाले. उंदीर रात्रीं हिंडतात आणि मुंगूस दिवसा, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. आजोबांनीं तालुक्याच्या गांवाहून झिंक फॉस्फाइडची काळसर पूड आणली, कणीक, गूळ आणि तेल यांत मळून गोळ्या केल्या आणि माळ्यावर ठेवल्या. ज्याला दोन वर्षें गूळपोळी आपण हातानें भरविली, तें त्या गोळ्या ओळखणार कसें? सकाळीं नकुळ्या बळदाखालीं पडलेला होता. आजोबा त्या दिवशीं जेवले नाहींत. पंचतंत्रांतील ती कथा त्यांनीं आम्हांला पुन्हां कधीं सांगितली नाहीं.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक मुंगूस माणसाळतें, त्याची जात माणसाळलेली नाहीं. फेरेटामागें शेंकडों पिढ्यांची निवड आहे; चावरा नर कोणी वंशाला ठेवीत नाहीं. मुंगसाचें प्रत्येक पिलूं रानांतूनच सुरुवात करतें. मादी सुमारें दोन महिने गाभण राहते, दोन ते चार पिलें होतात, आणि वर्षाच्या आंत तीं स्वतः वयांत येतात. त्या वयाला पोहोंचलें कीं बाहींत निजणारें पिलूं दुसरेंच होतें: जागा राखूं लागतें, शेपटीखालच्या ग्रंथींच्या वासानें हद्दीच्या खुणा करतें, घरच्या माणसांवर दांत उगारतें. दुसरी गोष्ट आईच्या काळजीची आहे. मुंगसाला पिसाळण्याचा रोग होऊं शकतो. वेस्ट इंडीजच्या कांहीं बेटांवर तर त्या रोगाचा मुख्य वाहक तेंच आहे. चिरंजीवांना खेळतां खेळतां एवढासा जरी दांत लागला असेल, तर हें वाचून होतांच जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. जखम जुनी असली तरी जावें. दिसायला क्षुल्लक म्हणून थांबूं नये.

'जोडी आणून पैदास' हा प्रयोग ऊंसासाठींच एकदां झालेला आहे, आणि तोही आपल्या देशांतलीं मुंगसें नेऊन. जमेकांतील एस्प्यूट नांवाच्या मळेवाल्यानें १८७२ सालीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें मागविलीं. चार नर, पांच माद्या. आपल्या मळ्यांतल्या मुंगसाहून हीं लहान जातीचीं. आरंभीं उंदरांनीं होणारी ऊंसाची नासाडी खरोखरच कमी झाली, आणि एस्प्यूटनें १८८२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें त्याचा अभिमानानें वृत्तांत दिला. आजूबाजूच्या बेटांनीं त्याच्याकडून जोड्या नेल्या; १८८३ सालीं तीं हवाई बेटांतील ऊंसमळ्यांपर्यंत पोहोंचलीं. पण मुंगसांना कोंबड्या, जमिनीवर घरटीं करणारे पक्षी आणि सरडे उंदरांपेक्षां सोपे वाटले. उंदीर मात्र झाडांवर चढावयास शिकले. दहाबारा वर्षांत तेच मळेवाले मुंगसांच्या नांवानें बोटें मोडूं लागले. जपानांतील अमामी ओशिमा बेटावर १९७९ सालीं सुमारें तीस मुंगसें सापांसाठीं सोडलीं होतीं. दुर्मिळ ससे खाऊन तीं हजारोंनीं वाढलीं, आणि बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचें जपान सरकारला २०२४ सालीं जाहीर करतां आलें. म्हणजे पंचेचाळीस वर्षें लागलीं.

आपल्याकडे हें सर्व टळलें आहे, कारण इथें मुंगूस आपल्या घरींच आहे आणि त्यालाही खाणारे आहेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणें, बाळगणें, विकणें हा गुन्हा आहे. आमच्या आजोळचा काळ त्या कायद्यापूर्वींचा होता, आतांचा नाहीं. सासूबाईंना हें पटवून देतांना आणखी एक सांगावें. मुंगसाला खरें भय सर्पगारुड्यापेक्षां चित्रकलेच्या कुंचल्याचें आहे. त्याच्या केसांचे कुंचले अजून चोरून विकले जातात. २०१९ सालीं सरकारी खात्यानें देशांत ठिकठिकाणीं छापे घालून ते जप्त केले. मुलांच्या रंगपेटीसाठीं कुंचला घेतांना कृत्रिम तंतूंचा आहे कीं नाहीं हें दुकानदाराला विचारावें. घरांत मुंगूस पाळण्यापेक्षां ही मुंगसाची मोठी सेवा.

पिलाचें आतां काय करावें? सांपडलें त्याच दिवशीं आमचें मत विचारलें असतें, तर आम्हीं म्हटलें असतें कीं होतें त्याच बांधावर सांवलींत ठेवा आणि दूर व्हा. रात्रीं आई येऊन नेते. जुन्नर भागांत ऊंसांत सांपडणाऱ्या बिबट्याच्या व रानमांजराच्या पिलांचें वनविभाग असेंच करतो, आणि बहुधा आई येते. पांच आठवड्यांनंतर तो मार्ग उरलेला नाहीं. यजमानांच्या म्हणण्याप्रमाणें मळ्यांत नुसतें सोडलें तर शिकार न शिकलेलें तें पोर माणसाच्या पायाशीं येईल आणि कुत्र्याच्या तोंडीं जाईल. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा, घडलेलें सरळ सांगावें. जाईपर्यंत गाईचें दूध बंद करून कच्चें मांस, अंडें आणि पाणी द्यावें, आणि अंगावर खेळविणें थांबवावें. मुलाला हें शेवटचें कठीण जाईल, पण तें ज्यासाठीं करावयाचें त्याचें कारण त्याला समजेल इतका तो मोठा आहे.

उंदरांना मात्र उपाय हवाच, आणि तो जुनाच आहे. दोन महिने आईजवळ राहिलेलें, म्हणजे तिची शिकार पाहिलेलें मांजरीचें पोर घ्यावें. उपाशी मांजर चांगली शिकार करतें हा भ्रम आहे. पोट भरलेलें मांजर घर सोडून जात नाहीं आणि मारतेंही नेटानें. दूधभातावर तें जगत नाहीं, त्याला मांसमत्स्य लागतें. ज्यांच्या घरीं तें चालत नाहीं त्यांनीं मांजरासाठीं मिळणारें तयार खाद्य द्यावें. पिसाळरोगाची लस टोंचावी, पांचसहा महिन्यांची झाल्यावर शस्त्रक्रिया करवावी, नाहींतर वर्षाकांठीं आठदहा पिलांना घरें शोधीत हिंडावें लागेल. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊं नये. ती मांजराला विष आहे. कोठीच्या दाराला खालीं वीतभर झरोका ठेवावा. घुशीपुढें मांजर सहसा जात नाहीं. तिच्यासाठीं पिंजरा, आणि पोतीं भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर. मळ्यांतल्या उंदरांना गव्हाणी घुबड पुरेसें आहे. त्याला अपशकुनी म्हणून हुसकावलें नाहीं म्हणजे झालें. इस्रायलांतले शेतकरी त्यासाठीं लांकडी पेट्या बांधून ठेवतात. आणि ज्या घरांत मांजर आहे तेथें विषाच्या गोळ्या कोणत्याही नांवाच्या असोत, नकोत.

हें लिहून होत आहे तोंच भगिनींचें दुसरें पत्र आलें. आमच्या उत्तराची वाट न पाहतां यजमानांनीं वनखात्याला कळविलें होतें. दोन कर्मचारी खोका घेऊन आले. चिरंजीवांनीं पिलाला कोणत्या वेळीं काय लागतें याची वहींतली दोन पानें फाडून त्यांच्या हातीं दिलीं, आणि एकानें तीं घडी करून खिशांत ठेवलीं. त्या रात्रीं मुलगा जेवला नाहीं. आतां समोरच्या वाड्यांतल्या मांजरीला तीन पिलें झालीं आहेत, आणि त्यांतलें कबऱ्या रंगाचें त्याला हवें आहे. सासूबाईंची अजून संमति नाहीं. मांजर आडवें गेलेलें त्यांना खपत नाहीं.