मैदानाची किल्ली कुणाकडे आहे?

मागच्या महिन्यात ‘स्क्रीन टाइम’वर लिहायचं ठरलं, तेव्हा आधी मी स्वतःचाच फोन तपासला. रोजची सरासरी ७ तास ४० मिनिटं. वाटलं, काहीतरी चुकतंय. मग हॉस्टेलमधल्या रूममेटला म्हटलं, तुझा दाखव. ती म्हणाली, ‘‘अगं नको, आईने बघितलं तर घरी बोलावून घेईल.’’ तिचा आकडा नऊ तासांच्या पुढे होता. आम्ही दोघी खूप हसलो आणि दोन मिनिटांत आपापल्या फोनमध्ये परत गेलो.

पण माझी ही रूममेट या सेमिस्टरला दोन विषयांत राहिली आहे. विषय कळत नाहीत म्हणून नाही. रात्री अडीच-तीनला झोपते, सकाळची लेक्चर्स बुडतात, अटेंडन्स जातो आणि मग टेन्शन आलं की पुन्हा फोन हातात. हे चक्र तिलाही दिसतं, तोडता मात्र येत नाही. तुमच्या वर्गातही अशी दोन-तीन नावं नक्की असतील. कदाचित त्यातलं एक तुमचंच असेल.

याला व्यसन म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अधिकृत यादीत जागा दिली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. सगळ्या इंटरनेट वापरासाठी मात्र तिच्यात वेगळं नाव नाही. त्यामुळे दिवसभर रील्स बघणारा प्रत्येक जण आजारी आहे, असं म्हणणं चूक ठरेल. पण गेमिंगसाठी दिलेल्या खुणा आपल्याला ओळखीच्या वाटतील: किती वेळ बसायचं यावर ताबा राहत नाही, बाकीच्या गोष्टी मागे पडतात आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक सुरू केलं ते २०१४मध्ये, म्हणजे आपल्याकडे डेटा स्वस्त होण्याच्याही आधी. तेव्हा हा ‘आजकालच्या पोरांचा नखरा’ नाही, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

आता उपाय. आम्ही सगळे करून बसलोय. अ‍ॅप डिलीट केलं, रविवारी परत घेतलं. स्क्रीन काळी-पांढरी केली, तर रील्सही काळ्या-पांढऱ्या बघितल्या. टायमर लावला, तर तो संपल्यावर ‘१५ मिनिटांनी आठवण करा’ असं बटण येतं आणि बोट आपोआप तिथेच जातं. या सगळ्या उपायांत एक गडबड आहे. फोन बाजूला ठेवा, हे ते सांगतात. पण मोकळ्या झालेल्या हातांचं काय करायचं, ते सांगत नाहीत. संध्याकाळी साडेपाचला कॉलेज सुटतं, मेसचं जेवण आठला. मधले अडीच तास खोलीत बसून फोनकडे न बघणं ही तपश्चर्या झाली. ती रोज कुणाला जमणार?

इथे व्यायामाचा मुद्दा येतो. चीन आणि दक्षिण कोरियात गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या मुलामुलींवर याचे बरेच प्रयोग झाले. इंटरनेट किंवा फोनचा अतिवापर असलेल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे ठरलेल्या वेळी व्यायाम दिला गेला. कुठे बास्केटबॉल, कुठे धावणं, कुठे संथ हालचालींचे पारंपरिक चिनी व्यायाम. अशा अभ्यासांचे एकत्रित आढावेही निघाले आहेत. व्यायाम करणाऱ्या गटांमध्ये व्यसनाच्या चाचणीचे गुण कमी झाले, चिंता आणि एकटेपणाही कमी झाला, असा त्यांचा साधारण सूर आहे. यातले बरेच प्रयोग लहान गटांवर आणि थोड्या आठवड्यांचे होते, मोजमापही मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून झालं, हेही सांगायला हवं. जादूची गोळी म्हणून याकडे बघू नका. पण खर्च जवळपास शून्य आणि तोटा काही नाही, असा दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

हे का काम करत असावं, यात फार गूढ काही नाही. पहिलं कारण अगदी साधं आहे, कबड्डी खेळताना हातात फोन धरता येत नाही. दुसरं कारण झोप. अंग दमलं की डोळा लवकर लागतो आणि रात्री अकरा ते दोन हा जो आपला सगळ्यात जास्त स्क्रोलिंगचा वेळ, तोच कापला जातो. तिसरं, तलफ. पंधरा मिनिटं झपझप चाललं तर सिगारेटची तलफ काही काळ कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फोनकडे जाणाऱ्या हाताच्या बाबतीतही असंच काही होत असेल, तर नवल नाही. आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, माणसं. आपण फोनमध्ये जातो ते बऱ्याचदा कंटाळ्यापेक्षा एकटेपणामुळे.

म्हणूनच ‘जिम लाव’ हा सल्ला अपुरा आहे. मी लावून बघितली. ट्रेडमिलवर फोन ठेवायला खास खाच असते! चालता चालता मी एक अख्खी वेब सिरीज संपवली. दोन सेटच्या मध्ये रील्स, शेवटी आरशासमोर फोटो. घाम आला, स्क्रीन टाइम मात्र वाढला. महिन्याची फी गेली ती वेगळीच.

फरक पडला तो भलतीकडेच. हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत फर्स्ट इयरच्या काही मुली खो-खो खेळायच्या. एकदा भिडू कमी पडला म्हणून त्यांनी हाक मारली, ‘‘ताई, येता का?’’ शाळेनंतर पहिल्यांदा मी पाठीवर थाप खाऊन पळाले. दहा मिनिटांत दम लागला, दुसऱ्या दिवशी पाय धरले. पण तिसऱ्या दिवशी साडेपाचला परत हाक आली आणि ‘आज नको’ म्हणायची लाज वाटली. हीच ती गंमत आहे. टायमरला ‘नंतर’ म्हणता येतं, वाट बघत उभ्या असलेल्या आठ जणींना म्हणता येत नाही. चार आठवड्यांनी माझी सरासरी साडेपाच तासांवर आली. अजूनही जास्तच आहे. पण रात्री बाराला झोप लागते. तिसऱ्या आठवड्यात रूममेटही आली, आधी नुसती पायरीवर बसायला, मग खेळायला.

पाचव्या आठवड्यात त्या मोकळ्या जागेत बांधकामाचं सामान येऊन पडलं आणि आमचा खेळ बंद झाला. आम्ही कॉलेजच्या मैदानावर गेलो, तर गेटला कुलूप. वॉचमन काका म्हणाले, ‘‘पोरींनो, सरांनी सांगितलं तर लगेच उघडतो.’’ सर म्हणाले, मैदान टीमच्या प्रॅक्टिससाठी आहे, तीही सकाळी. संध्याकाळी कुणाला लागलं तर जबाबदारी कोण घेणार? आणि त्यात तुम्ही मुली. त्यांची अडचण खोटी नाही, त्यांच्या हाताखाली माणूसच नाही. पण आम्ही सगळे दरवर्षी जिमखाना फी भरतो. त्या फीतून निवडक पंधरा-वीस जण खेळतात आणि बाकीचे शेकडो जण बंद गेटबाहेर कट्ट्यावर बसून फोन बघतात. तेच कॉलेज मग ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या विषयावर सेमिनार घेतं आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०२२च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. तो वेळ त्यांनी अभ्यासाला, वाचनाला दिला. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते एकट्यादुकट्याने फोन सोडायला गेले नाहीत. सगळ्यांनी एकाच वेळी बाजूला ठेवला, त्यामुळे आपलं काही सुटतंय ही धाकधूकच राहिली नाही. एका खेड्याला ग्रामसभा घेऊन हे ठरवता येतं, तर वर्षाची फी आधी घेणाऱ्या कॉलेजला का येऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदान सगळ्यांना उघडं ठेवा. लाइट आणि एक जबाबदार माणूस द्या, म्हणजे मुलींना ‘कशाला’ हे ऐकावं लागणार नाही. टीम निवडायची नाही, नुसतं खेळायचं, अशा गटांना जागा द्या. शाळेत पीटीच्या तासाला ज्यांना कायम शेवटी घेतलं गेलं, त्यांनाच याची सगळ्यात जास्त गरज आहे. गेटजवळ फोन ठेवायला कप्पे करा. नव्या शैक्षणिक धोरणात खेळ आणि योगाला श्रेयांक आहेत, ते नुसत्या सह्यांवर न देता मैदानावर द्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. म्हणजे अकरावी-बारावीच्या बहुतेकांना रोज तासभर. तो तास आपल्या टाइमटेबलमध्ये कुठे आहे, ते जरा शोधून बघा.

पालकांनाही एक सांगायचं आहे. व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नका. ‘फोन काढून घेतला, आता जा पळायला’ असं म्हटलं की पळणं कायमचं नावडतं होतं. जमलं तर सोबत चाला, तुमचा फोनही घरी ठेवून.

आणि कुणी फोनमध्ये बुडालाय तो खोल उदासीमुळे किंवा भीतीमुळे, असं वाटत असेल, तर त्याला फक्त ‘खेळायला चल’ म्हणून भागणार नाही. समुपदेशकाची मदत घ्या. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

आमचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर पडून आहे, खाली त्रेसष्ट सह्या आहेत. त्यातली बारावी सही माझ्या रूममेटची. तुमच्या कॉलेजचं मैदान संध्याकाळी उघडं असतं का, ते आज जाता जाता बघा. उघडं असेल तर आत जा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा आणि अर्ज लिहायला घ्या. एकट्याने नको, चार जणांना सोबत घेऊन.