उत्थापकाच्या हाती यंत्र

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची जी सिद्धता सांगितली आहे, तीतील परिचारकांची यादी मोठी उद्बोधक आहे. अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, औषधे वाटणारा यांच्या पंक्तीत तेथे उत्थापक आणि संवेशक अशी दोन नावे येतात. एक रुग्णास उठविणारा, दुसरा निजविणारा. रुग्णास शय्येवरून उठविणे हे ज्याला त्या क्षणी सवड असेल त्याने उरकावयाचे काम नव्हे, त्यासाठी जाणता माणूस नेमावयास हवा, ही समज त्या यादीमागे आहे. आज आपल्या पंचकर्म केंद्रांत ही दोन पदे कोणाच्याही नेमणूकपत्रात आढळत नाहीत. जो अभ्यंग करतो तोच उचलतो. आणि तो एकटा पुरेनासा झाला की बाहेर बसलेल्या मुलास किंवा जावयास हाक मारली जाते.

छताला बसविलेली रुग्ण-उत्थापक यंत्रे, ज्यांना बाजारात सीलिंग लिफ्ट किंवा सीलिंग होइस्ट म्हणतात, ती आता भारतातही मिळू लागली आहेत. ती आपल्या कामाची आहेत काय, असा प्रश्न वैद्यबांधवांकडून वारंवार येतो. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. पक्षाघात, अधरांगवात, जीर्ण संधिवात अशा परावलंबी रुग्णांना नियमित प्रवेश देणाऱ्या केंद्राने हे यंत्र अवश्य घ्यावे. मात्र ते चालविणारी किमान चार माणसे शिकवून तयार करण्याची ज्याची इच्छा नसेल, त्याने ते मुळीच घेऊ नये. अर्धवट शिकलेल्या हातातील यंत्र हे दोन माणसांच्या उचलण्यापेक्षाही अधिक घातक ठरू शकते.

हाताने उचलण्याची मर्यादा किती? अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली परिचर्येच्या क्षेत्रासाठी ही मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो मांडली; आणि तीही परिस्थिती सर्वस्वी अनुकूल असताना. रुग्ण सहकार्य करणारा, जागा मोकळी, भार अंगालगत, कंबर न पिळता. आता आपला प्रसंग पाहा. सत्तर किलोचा पक्षाघाताचा रुग्ण, अंगभर तेल, खाली तेलकट फरशी, द्रोणीचा काठ मध्ये आडवा आणि परिचारक कमरेत वाकलेला. दोघांनी उचलले तरी प्रत्येकाच्या वाट्यास मर्यादेच्या दुपटीहून अधिक भार येतो. कटिग्रह आणि गृध्रसीवर उपचार करणाऱ्या केंद्राचे परिचारक स्वतःच कंबर धरून बसलेले असावेत, यात विसंगती आहेच.

रुग्णाचीही हानी कमी नाही. पक्षाघातात बाधित बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू शिथिल झालेले असतात आणि बाहूचे शीर्ष खोबणीतून खाली सरकण्याच्या बेतात असते. अशा रुग्णास काखेत हात घालून उचलणे म्हणजे तो सांधा ओढून काढणेच होय. सकाळी महानारायण तैलाने ज्या खांद्याला स्नेहन करावयाचे, दुपारी तोच खांदा धरून माणूस खेचावयाचा, ही चिकित्सा नव्हे. काखेतून उचलण्याची ही पद्धत जेथे जेथे परिचर्येचे शास्त्र नीट शिकविले जाते तेथून हद्दपार झाली आहे. आपल्याकडे ती अजून सर्रास चालते.

काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप असा की यंत्र आले की स्पर्श गेला, रुग्ण गोदामातल्या पोत्यासारखा लटकू लागला. आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. न बोलता, न सांगता एकदम वर उचललेला रुग्ण भेदरतो. परंतु भार यंत्रावर गेला म्हणजे परिचारकाचे हात मोकळे होतात, आणि मोकळा हात रुग्णाच्या खांद्यावर ठेवता येतो. दुसरी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. स्त्री-रुग्णास अभ्यंग स्त्री-परिचारिकाच करतात, पण उचलण्याची वेळ आली की ताकद कमी पडते म्हणून पुरुष मदतनीस बोलावला जातो. तेल लावलेल्या, अर्धवस्त्र अवस्थेतील एखाद्या आजीबाईंना त्या वेळी काय वाटत असेल याचा विचार करावा. यंत्र असेल तर दोन परिचारिकांना हे काम पुरेसे होते. मला हे एकच कारण यंत्र घेण्यास पुरेसे वाटते.

चाकांवर फिरणारे, जमिनीवरील होइस्ट स्वस्त पडते, मग छतावरचेच कशाला, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर द्रोणीत आहे. जमिनीवरील यंत्राचे दोन पाय खाटेखाली शिरावे लागतात. आपली लाकडी द्रोणी बहुधा बंद चौथऱ्यावर असते, तिच्याखाली पाय शिरणार कोठून? शिवाय तेलकट फरशीवर भार घेतलेली चाके ढकलणे हे आणखी एक संकट. छतावरील यंत्राचा जमिनीशी संबंधच येत नाही. छतात रूळ, रुळावर सरकणारी मोटार, तिच्यातून खाली येणारा पट्टा, पट्ट्याच्या टोकास आडवा दांडा आणि दांड्याच्या आकड्यांना अडकविलेली कापडी झोळी, म्हणजे स्लिंग. एवढाच हा पसारा.

या पसाऱ्यात मोटारीची भीती सर्वांना वाटते, झोळीची कोणालाच वाटत नाही. वास्तविक चिंता झोळीची करावी. झोळी रुग्णाच्या मापाची हवी. मोठी झाली तर रुग्ण मधून घसरतो, लहान झाली तर मांड्यांत रुतते. मान सावरता येत नसेल तर डोक्याला आधार देणारीच झोळी हवी. एका कंपनीची झोळी दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर, उत्पादकाने तशी लेखी अनुमती दिली नसेल तर, चढवू नये. रूळ, मोटार, दांडा आणि झोळी या प्रत्येकावर सुरक्षित भाराचा आकडा छापलेला असतो; चारांपैकी जो सर्वांत लहान, तोच आपल्या यंत्राचा खरा आकडा. त्यासाठी रुग्णाचे वजन केसपेपरवर असावयास हवे, अंदाजाने नव्हे.

झोळी घालण्याची रीत अशी. रुग्णास कुशीवर वळवावे, बाधित खांदा अंगाखाली अडकणार नाही याकडे लक्ष ठेवावे. लांबीत अर्धी गुंडाळलेली झोळी पाठीशी लावावी, तिची खालची कड माकडहाडापर्यंत यावी. मग दुसऱ्या कुशीवर वळवून गुंडाळी उलगडावी. पायांचे पट्टे मांड्यांखालून सुरकुती न पडता आणून, सामान्य झोळीत एकातून दुसरा ओवून घ्यावा, म्हणजे मांड्या फाकत नाहीत. खांद्याकडील दोन्ही लूप एकाच रंगाचे, पायांकडील दोन्ही एकाच रंगाचे. डावी-उजवीकडे रंग बदलला की रुग्ण तिरका होतो. खांद्याचे लूप आखूड घेतले तर बसती स्थिती मिळते, लांब घेतले तर निजती. बाधित हात पोटावर, झोळीच्या आत. मूत्रनलिका असेल तर तिची पिशवी मूत्राशयापेक्षा वर जाता कामा नये आणि नळी कोठेही अडकता कामा नये.

मग उचलणे. मोटार रुग्णाच्या बरोबर वर आणावी. पट्टा तिरपा ओढून कधीही उचलू नये. दांडा खाली येताना एका हाताने धरून ठेवावा, नाहीतर तो थेट कपाळावर येतो. पट्टा ताणला गेला, रुग्ण गादीपासून वीतभरही नव्हे, चार बोटे उचलला गेला, की थांबावे. चारही लूप आकड्यांत नीट बसले आहेत का, कोठे चिमटा बसतो आहे का, श्वास कसा आहे, हे पाहावे, रुग्णास विचारावे. सारे ठीक असेल तरच पुढे. द्रोणीचा काठ ओलांडण्यापुरतेच वर न्यावे, आणि तेव्हा टाचा काठाला घासत नाहीत ना हे दुसऱ्या परिचारकाने पाहावे. एक माणूस रिमोटवर, दुसरा रुग्णाजवळ. परदेशांत काही ठिकाणी एकटा परिचारक हे काम करतो म्हणतात; तेलाच्या खोलीत मी तरी दोघांचाच आग्रह धरीन. झोळीत लटकलेल्या रुग्णास सोडून कोणीही, टॉवेल आणण्यासाठीसुद्धा, हलू नये.

आता तेल. परदेशी उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत पाणी, साबण, घाम यांचा विचार असतो. दीड-दोन लिटर कोमट तिळतेल अंगावर ओतलेल्या माणसाचा नसतो. म्हणून क्रम आपणच ठरवावा लागेल. रुग्णास कोरड्या अंगाने द्रोणीत न्यावे आणि तेलास हात लावण्यापूर्वी झोळी काढून घ्यावी. झोळी खालीच राहू देण्याचा मोह होतो, कारण परत घालण्याचा त्रास वाचतो. परंतु तेलात भिजलेल्या झोळीत तेलकट शरीर सरकते, आणि चुरगळलेल्या कडांचा दाब त्वचेवर पडतो तो वेगळाच. कर्म संपल्यावर अंग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने आणि मग कोरड्या पंचाने पुसावे, पाठ आणि मांड्यांची मागील बाजू विशेष. त्यानंतर स्नानासाठी मिळते तशी जाळीदार झोळी घालावी. स्वेदनानंतर रक्तदाब उतरलेला असतो. त्या रुग्णास लगेच बसत्या स्थितीत उचलले तर भोवळ येते. काही मिनिटे तसेच पडू द्यावे, आणि निजत्या स्थितीतच न्यावे. तेलाच्या झोळ्या वेगळ्या ठेवाव्यात, त्यांवर खूण असावी, आणि त्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानासच धुवाव्यात. तेलाचा वास जावा म्हणून ब्लीच वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने धागा कमकुवत होतो आणि वरून कळत नाही. शिवण उसवली, लूप विरले, लेबल वाचता येईनासे झाले, की झोळी बाद.

सर्वच रुग्णांना हे यंत्र लावावे असे नाही. ज्याला आधाराने उभे राहता येते त्याला उभेच करावे. झोळीत घालून त्याचे उरलेसुरले बळ घालवू नये. खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असेल तर सामान्य झोळीत मांडी फार दुमडते, तेथे शल्यचिकित्सकाचा सल्ला आधी. तमकश्वासाच्या रुग्णास झोळीत छाती दबल्यासारखे होते. मणक्याच्या ताज्या अस्थिभग्नाला तर हात लावूच नये.

छताविषयी थोडक्यात. पीओपीचे खोटे छत, पत्रा, कौले, जुन्या वाड्याची किडकी तुळई यांवर रूळ बसत नाही. आरसीसी स्लॅब असला तरी स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि बसविणाऱ्याकडून भारचाचणीचे प्रमाणपत्र. स्लॅब नसेल तर खांबांवर उभी राहणारी चौकट मिळते. रूळ किती लांब, हे खोलीवरून नव्हे, कामावरून ठरवावे. एका केंद्रात मी पाहिले, रूळ खाटेवरून सुरू होऊन द्रोणीच्या हातभर अलीकडे संपला होता. ते शेवटचे हातभर अंतर अर्थातच दोन माणसे काखेत हात घालून पार करीत होती. बाष्पस्वेदाची पेटी रुळाखाली नसावी. मोटारीला वाफ मानवत नाही.

यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून वीज गेल्याची धास्ती नको. पण काम झाल्यावर मोटार चार्जिंगच्या जागी परत नेण्याची शिस्त हवी. रुग्ण अधांतरी असताना यंत्र बंद पडले तर खाली उतरविण्यासाठी आपत्कालीन दोरी असते. ती कोठे आहे, किती जोराने ओढायची, हे वाळूची पोती टांगून प्रत्येक परिचारकाकडून महिन्यातून एकदा करवून घ्यावे. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार माणसे उचलणाऱ्या साधनांची, वेगळी तपासणी-योजना आखलेली नसल्यास, दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून कसून तपासणी करून घ्यावी लागते. आपण तोच दंडक स्वतःहून पाळण्यास कोणाची हरकत असणार?

शेवटी औषधालय व उपकरणे विक्रेते बंधूंसाठी. द्रोणी, शिरोधारेचे स्टँड, स्वेदनपेटी यांच्याबरोबर उद्या ही यंत्रेही आपल्या सूचिपत्रात येतील. वैद्याने दर विचारला की आपण छताचा प्रकार, द्रोणीची उंची आणि सर्वांत वजनदार रुग्णाचा भार हे तीन प्रश्न उलट विचारावेत. उत्तरे नसतील तर दर सांगू नये. यंत्रासोबत एकच झोळी देऊन व्यवहार संपवू नये. दोन मापांच्या मिळून निदान चार झोळ्या, त्यांपैकी दोन जाळीच्या, आणि चालविण्याचे प्रशिक्षण मराठीत, हे देयकातच धरावे. झोळी ही बस्तियंत्राच्या नळीप्रमाणे झिजणारी वस्तू आहे. तिची बदली कोण, किती दिवसांत पुरविणार, हे विक्रीच्या वेळीच लिहून द्यावे.