उपकाराचे वाचनालय नको!

दिवाळीचा अंक उघडून बसलेल्या माणसाशी भांडण काढू नये, असा एक शिष्टाचार आहे. पुढ्यात चकली असताना कर, कायदा आणि अनुदान यांची कटकट कोणाला ऐकावीशी वाटणार? परंतु हा अंक आपल्या घरी आला कोठून, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. पुष्कळ घरी तो वाचनालयातून आला असेल. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची आणि एकेका अंकावर दहा-दहा घरांची तेलकट बोटे उमटवायची, ही आपली जुनी रीत आहे. तेव्हा वाचनालयाविषयी चार कडू शब्द बोलायला याहून चांगली जागा नाही.

मी नागपूरच्या प्रताप नगरात राहतो. वस्ती नोकरदारांची. मुले शिकावीत म्हणून पोटाला चिमटा घेणाऱ्यांची. अशा वस्तीत एका सभेला मी हजर होतो. उत्सवाच्या मांडवाची वर्गणी वाढवण्याचा ठराव पाच मिनिटांत, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग मी उठून वाचनालयासाठी काही रक्कम काढावी, असे सुचवले. सभेत एकदम शांतता पसरली. शेवटी एक तरुण गृहस्थ मोठ्या प्रेमाने म्हणाले, “अहो काका, आता वाचते कोण? सारं मोबाईलमध्येच तर आहे ना!”

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पण त्यांचा हिशेब चुकला आहे. मोबाईलमध्ये पुष्कळ आहे, हे खरे. पण अभ्यासाला बसायची जागा मोबाईलमध्ये नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात आणि संध्याकाळी टीव्ही चालू असतो, त्या घरातला मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला कोठे जातो? दुपारची आवराआवर झाल्यावर पिशवीत पुस्तक घालून जी बाई निघते, तिला घराबाहेर पडून निर्धास्तपणे बसता येईल अशी दुसरी जागा कोणती? पेन्शनीत निघालेला माणूस चार वर्तमानपत्रे आणि चार माणसे एकाच ठिकाणी कोठे गाठतो? शिवाय मोबाईल आपण मागू ते दाखवतो. न मागितलेले पुस्तक शेजारच्या फळीवर दिसावे आणि त्यानेच जन्माची गोडी लावावी, हा योग कपाटापुढे उभे राहिल्यावाचून येत नाही.

वाचनालयांच्या चालकांनाही मी मोकळे सोडणार नाही. नोकरदार माणूस घरी परतेपर्यंत दार बंद करायचे, पुस्तके कुलपात ठेवायची, आणि मग वाचक येत नाहीत म्हणून हळहळायचे, हा प्रकार मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. पण त्या कुलपाची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याला आपण काय देतो, तेही ऐका. शासनाने २०२२ साली ग्रंथालयांचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले. त्याचा गाजावाजा झाला. पण ‘ड’ वर्गातल्या लहान ग्रंथालयाच्या वाट्याला काय आले? वर्षाला ३० हजार रुपये होते, त्यांचे ४८ हजार झाले. ही सारी रक्कम पगारावर घातली, एकही पुस्तक घेतले नाही, विजेचे बिल भरले नाही, तरी महिन्याला ४ हजार रुपये पडतात. एवढ्या पैशात माणूस ठेवायचा आणि वर त्याने हसतमुखाने रात्री नऊपर्यंत बसावे, ही अपेक्षा धरायची!

येथे कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी वर्गणीवरच वाचनालये चालवली ना? चालवली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. दोन्ही लोकांनी उभी केली आणि लोकांनी जगवली. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्यावर राज्य परक्यांचे होते. परक्या सरकारच्या काळात जी निरुपायाने केलेली पदरमोड होती, तिलाच आपण स्वराज्यात धोरण करून बसलो, हे माझे भांडण आहे.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा तज्ज्ञ बोलावला आणि गावोगाव वाचनालये काढली. गावाने एक वाटा उभा केला की दरबार आणि प्रांत पंचायत प्रत्येकी तेवढाच वाटा घालीत. आपल्याच कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला. तो हिंदुस्थानातला पहिला. मद्रासने १९४८ साली कायदा केला, त्यात घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर बसवला. आंध्रने १९६० साली आणि कर्नाटकाने १९६५ साली तीच वाट धरली. महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ साली. ही सारी उदाहरणे डोळ्यांपुढे होती. तरीही आपल्या कायद्यात उपकर आला नाही. आले ते अनुदान. उपकराचा पैसा वाचनालयाच्या नावाने जमा होतो आणि तो हक्काने मागता येतो. अनुदान मात्र वाढवा म्हणून दरवेळी हात पसरावा लागतो. हा फरक लहान नाही.

“आणखी एक कर?” असे म्हणून कपाळाला हात लावू नका. आधी हिशेब करू. घरपट्टीच्या रुपयामागे एक पैसा उपकर धरला, तर ज्याची घरपट्टी ५ हजार आहे त्याला वर्षाला ५० रुपये पडतील. तेवढ्याचे आपण एका सकाळी चौकात तर्री-पोहे खातो. मात्र तो पैसा ज्या वस्तीतून गोळा होईल, त्या वस्तीच्या वाचनालयावरच खर्च झाला पाहिजे, आणि त्याचा जमाखर्च दारावर लावला पाहिजे. ही अट कायद्यात नसेल तर माझाही त्याला विरोध राहील.

नागपूरकरांना तर याबाबत गप्प बसण्याची सबबच नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्या गावी भरते. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे मोर्चेही त्यावर आले आहेत. ते रस्त्यावरून घोषणा देत गेले, आणि आपण रहदारी अडली म्हणून चडफडलो. ज्यांच्या हातून आपल्या मुलांनी पहिले गोष्टीचे पुस्तक घेतले, तीच ही माणसे होती, हे कितीजणांच्या ध्यानात आले? यंदा मत मागायला आलेल्या किंवा फराळाला आलेल्या लोकप्रतिनिधीला एवढेच विचारा : “रस्ता झाला, नाली झाली, आमच्या वाचनालयाचे काय?” एकाने विचारले तर तो हसेल. गल्लीतल्या प्रत्येक घराने विचारले तर वहीत लिहून घेईल.

आणि हा अंक वाचनालयाचा असेल, तर तेलाची बोटे पुसून तो ठरल्या दिवशी परत करा. तुमच्या मागे नंबर लावून कोणीतरी बसले आहे.