स्कार्फ गळ्यात, गणवेश कपाटात

जून 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेचा आराखडा जाहीर केला. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणाऱ्या दोन जोडांपैकी एक स्काऊट-गाईडच्या धर्तीचा ठरला. त्याचे वारही ठरले: मंगळवार, गुरुवार, शनिवार. या जोडाची शिलाई शाळा व्यवस्थापन समितीने करून घ्यायची होती. त्यासाठी मिळणार होते शंभर रुपये, वर किरकोळ खर्चाला दहा. एवढ्यात कोणता शिंपी मापं घेईल, असा सवाल गावोगावचे मुख्याध्यापक विचारत राहिले. कापड उशिरा आलं, मापं चुकली, ओरड झाली. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारने गणवेशाची सगळीच जबाबदारी पुन्हा समित्यांकडे सोपवली.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. मुलांना स्काऊटचा पोशाख दिला, पण त्यांच्यापुढे उभा राहणारा स्काऊट मास्तर काय घालणार?

उत्तर बहुतेकांना ठाऊक आहे. पंधरा ऑगस्टला ध्वजाजवळ उभे असलेले मास्तर पाहावेत: अंगात घरचाच चौकड्यांचा शर्ट, पायात चपला आणि गळ्यात तेवढा स्कार्फ. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नियमात हे बसत नाही. स्काऊट मास्तरचा गणवेश म्हणजे करडा शर्ट, गडद निळी पँट, बेरे टोपी, पथकाच्या रंगाचा स्कार्फ आणि त्याला वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी. शिवाय मुलाला सदस्यत्वाचं बोधचिन्ह लागतं ते दीक्षाविधी झाल्यावर. म्हणजे कपड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी वचन, मग चिन्ह. सरकारी योजनेने हा क्रमच उलटा केला. ज्या शाळेत पथक नाही, वचन घेतलेला एकही मुलगा नाही, तिथेही आठवड्यातून तीन दिवस सगळी शाळा स्काऊट दिसणार होती.

नंदुरबार जिल्ह्याला कमावून घालायचा पोशाख काय असतो, हे वेगळं सांगायला नको. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत बावा आणि बुध्या होणारे लोक डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधतात, अंगावर पांढरे ठिपके काढतात. पण त्याआधी काही दिवस ते पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत. ज्याने व्रत घेतलं नाही त्याने टोप चढवायचा नाही, हे तिथे लहान पोरालाही कळतं.

स्काऊट चळवळीतही असं एक लेणं आहे आणि तेही मुळात आदिवासी मुलखातलंच. इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कवर सप्टेंबर 1919 मध्ये नेतृत्व प्रशिक्षणाचा पहिला वर्ग झाला. तो पूर्ण करणाऱ्यांना चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी लाकडी मणी दिले; हाच वूड बॅज. हे मणी दक्षिण आफ्रिकेतला झुलू राजा डिनुझुलू याच्या नावाशी जोडलेल्या हारातले मानले जातात. आपल्याकडे त्याच वूड बॅजचं नाव झालं हिमालय वूड बॅज. बेसिक, ॲडव्हान्स असे टप्पे ओलांडल्यावर चामडी दोरीत ओवलेले दोन मणी गळ्यात येतात. पुढे प्रशिक्षक झालं की मण्यांची संख्या वाढते. युद्धातल्या पराभूताचा दागिना जेत्याच्या हाती कसा लागला, ही गोष्ट फारशी सुखाची नाही आणि प्रशिक्षण वर्गात ती सांगायला हवी. पण मणी घालण्याचा नियम मात्र काठीच्या टोपासारखाच स्वच्छ आहे.

नेमका इथेच सैलपणा येतो. काही प्रौढ पदाधिकारी सत्काराच्या दिवशी छातीवर मिळतील तितकी पदकं लावतात; स्मरणिकेबरोबर आलेला बिल्लाही त्यांत असतो. मोठ्यांसाठी मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सर्वोच्च सिल्व्हर एलिफंट असे ठरलेले सन्मान आहेत. ते समारंभात जरूर मिरवावेत. रोजच्या मेळाव्यात मात्र गणवेश आणि सदस्यत्वाचं चिन्ह पुरे. तृतीय सोपान या टप्प्यासाठी महिनोन्‌महिने गाठी मारायला शिकणारी सातवीतली मुलगी मास्तरांच्या छातीकडे बारकाईने पाहत असते.

यावर आक्षेप येतो की नेतृत्वाला गणवेश लागतोच कशाला. नंदुरबारात 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या हुतात्मा शिरीषकुमार मेहता या पंधरा वर्षांच्या मुलाने कोणता गणवेश घातला होता? मुद्दा खरा आहे. धैर्य कपड्यातून येत नाही. पण गणवेश घातलाच तर त्याचे नियम मास्तरांना मुलांपेक्षा अधिक लागू असले पाहिजेत. 1916 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांची स्काऊट संघटना काढली, तेव्हा मुलांच्या डोक्यावर देशी फेटा चढवला. नियम बदलता येतात. मात्र ते बदलायचे सगळ्यांसाठी, आपल्यापुरते मोडायचे नाहीत.

धडगाव-मोलगीच्या डोंगरात आश्रमशाळेतल्या शिक्षकाने स्वतःच्या पगारातून शर्ट, पँट, टोपी, बूट घ्यावेत, ही अपेक्षा मात्र धरू नये. मुलांच्या गणवेशासाठी तरतूद होते, तशीच प्रत्यक्ष पथक चालवणाऱ्या स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टनसाठी वर्षाला एका जोडाची व्हावी. पैसे नोंदणी झालेल्या पथकालाच मिळावेत, म्हणजे कागदावरची पथकं आपोआप गळतील. आणि जिल्हा मेळाव्यात गणवेश तपासणी सुरू होईल तेव्हा तपासणाऱ्याने मुलांच्या रांगेकडे वळण्याआधी मास्तरांची रांग तपासावी. वॉगलपासून बुटाच्या नाडीपर्यंत, मुलांच्या देखत.