आपत्ती आली, हाक कोणाला?



मृग जवळ आला की आपल्या घरांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले चाळली जातात, तांदूळ, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवले जाते. एक तयारी मात्र राहून जाते. पाणी घरात शिरले किंवा डोंगर खाली आला, तर कोणाला कळवायचे? हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गात विचारला. निम्मी मुले म्हणाली, पोलिसांना. एक मुलगी म्हणाली, मुंबईच्या मामाला. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचे नाव एकानेही घेतले नाही. मोठ्या माणसांना विचारले असते तर याहून वेगळी उत्तरे मिळाली असती, असे आम्हाला वाटत नाही.

२२ जुलै २०२१ हा दिवस रायगड आणि रत्नागिरी जिल्हे विसरणार नाहीत. वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली. वीज नाही, फोन लागत नाही, तालुक्याचे गावच पाण्यात आणि रस्ते बंद. बाहेरची पथके तळियेपर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर चिखल उपसत होते ते गावातले आणि शेजारच्या वाड्यांतले लोक.

तेव्हा सगळीकडे एकच प्रश्न होता, "सरकार कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. पण सरकार म्हणजे एक माणूस नाही. ती पायऱ्यांची शिडी आहे आणि कोणत्या पायरीवर कोण उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

२००४ च्या त्सुनामीला वर्ष होत आले होते आणि मुंबईच्या २६ जुलैच्या प्रलयाला पाच महिने, तेव्हा डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यानुसार देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात. जिल्हाधिकाऱ्यांसोबत जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. खाली तहसीलदार, नगरपरिषद, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील.

या शिडीवर इशारा वरून खाली येतो. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षाकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि गावाला मिळतो. मदतीची मागणी मात्र खालून वर जाते. गावाने तहसीलदारांना कळवायचे, त्यांनी जिल्ह्याला. जिल्ह्याची ताकद अपुरी पडली तर राज्याचे दल येते आणि राष्ट्रीय दलाला बोलावले जाते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबरे येथून निघते. त्याहून गरज असेल तर नौदल, तटरक्षक दल, वायुसेना. २०२१ मध्ये ही सगळी आली. पण खालच्या पायरीवरून निरोपच निघाला नाही किंवा उशिरा निघाला, तर वरच्यांना कळायचे कसे? शिवाय घाट उतरून यायला वेळ लागतोच. म्हणून पहिले काही तास शेजाऱ्यांचेच असतात. हे समजून घेतले की दोष देण्याआधी आपले काम कोणते ते दिसू लागते.

दुसरी गोष्ट पैशांची. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. मृताच्या वारसांना त्यातून ४ लाख रुपये मिळतात. घर, जनावरे, पीक, भांडीकुंडी यांचे दर ठरलेले आहेत. पण दिल्ली-मुंबईचा हा पैसा आपल्या दारात येतो तो एका कागदावरून. तो कागद म्हणजे पंचनामा. पूर ओसरला की तलाठी, ग्रामसेवक किंवा नगरपरिषदेचे कर्मचारी येतात आणि जे दिसेल, जे सांगितले जाईल ते लिहितात. आपली माणसे इथेच मागे पडतात. घर आजोबांच्या नावावर, आजोबा कबरीत आणि वारस नोंद झालेलीच नाही. कर्ता पुरुष आखातात आणि घरातल्या बाईचे बँकेत खातेच नाही. भाडेकरू तर समजतो की आपला हक्कच नाही. घर मालकाचे असले तरी वाहून गेलेली भांडी आणि कपडे भाडेकरूचे होते, हे त्याने पंचनाम्याच्या वेळी सांगितलेच पाहिजे.

मदत वाटताना आपल्या मोहल्ल्याला डावलले जाईल, अशी भीती काहींच्या मनात असते. त्यांनी याच कायद्याचे कलम ६१ लक्षात ठेवावे. भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. तक्रार असेल तर ती चौकात बोलून विरते. लेखी अर्ज तहसीलदारांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. खोट्या इशाऱ्याने घबराट पसरवणाऱ्याला कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही विसरू नये. "धरण फुटले" असा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढे ढकलणारा बोट खरोखर कोणाचा तरी जीव घेऊ शकतो.

आपल्या जमाती संकटात मागे राहत नाहीत. मशिदीचे दरवाजे उघडतात, देगी चढतात, जकात आणि सदक्याचा पैसा बाहेर निघतो आणि समोरचा कोणत्या धर्माचा हे विचारले जात नाही. अल्लाहने ही तौफिक कायम ठेवावी. उणीव आहे ती एकमेकांशी बोलण्याची. रस्त्यालगतच्या गल्लीत धान्याची दहा पाकिटे येतात आणि आतल्या वाडीत एकही जात नाही. मदतीची यादी तहसील कार्यालयाशी आणि इतर मंडळांशी ताडून पाहिली तर हे टळते.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी १८ मध्ये मोठा दुष्काळ पडला. राखेचे वर्ष म्हणून इतिहास तो ओळखतो. खलिफांनी प्रांतांच्या सुभेदारांना पत्रे लिहून धान्य मागवले. शामहून उंटांचे तांडे आले. मदिन्यात आसऱ्याला आलेल्या भुकेल्यांची मोजदाद करून त्यांना जेवू घातले गेले आणि दुष्काळ सरेपर्यंत खलिफांनी स्वतः तूप वर्ज्य केले. पत्र, पुरवठा आणि यादी या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. नुसती दयाबुद्धी त्यांनी पुरेशी मानली नाही. तवक्कुल म्हणजे हातपाय गाळून बसणे नाही, हा धडा आपल्याकडे चौदा शतकांपासून आहे.

म्हणून या महिन्यातच प्रत्येक जमातीने एका जुम्याला नमाजनंतर अर्धा तास बसावे. मोहल्ल्यात एकटे म्हातारे, अपंग, गरोदर भगिनी आणि तान्ही मुले कोणाच्या घरी आहेत, याची यादी करावी. कोणाला कोण उचलून नेणार, ते ठरवावे. होडी, दोर आणि जनरेटर कोणाकडे आहे ते लिहून ठेवावे. वीज गेल्यावरही मशिदीचा भोंगा चालेल अशी बॅटरी असावी. दोन-चार तरुण मुलामुलींनी 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. घरोघरी आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या एकाच पिशवीत ठेवावी. घरातल्या बाईचे खाते नसेल तर ते आताच उघडावे.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावे: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. खाली आपल्या तलाठ्याचा आणि पोलीस पाटलाचा नंबर. मुलांकडून हे पाठ करून घ्यावे. हाक योग्य दारी गेली तर मदत लवकर निघेल, इन्शाअल्लाह.